तिसरा खण कोणी उघडला

१

दप्तरकाकांनी चौथा खण ओढला, आत हात घातला आणि हात आतच ठेवून ते उभे राहिले. डोळे समोरच्या भिंतीवर होते, पण बोटं मात्र खणाच्या तळाशी चाचपडत होती.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "फाइल नाही."

"नीट बघा काका. मागे सरकली असेल."

"बत्तीस वर्षं हेच करतोय. मागे सरकलेली फाइल बोटांना कळते."

नियमबाई उठल्या. खरं तर त्यांचं वय बाई म्हणवून घेण्याचं नव्हतं. एकतीस वर्षं अजून पूर्ण व्हायची होती आणि घरी चौदा महिन्यांची लेक होती, जिचा आज पाळणाघरातला पहिला दिवस होता. पण आठ शेजारी देशांच्या या क्रीडा मंडळाची नियमावली त्यांच्या ताब्यात होती, म्हणून लहानथोर सगळे त्यांना नियमबाईच म्हणत. सकाळपासून त्यांचं अर्धं मन पाळणाघराच्या दारात रेंगाळत होतं. आता तेही धावत परत आलं.

कारण ती फाइल साधी नव्हती. वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीतल्या एका मुलीची होती. दोन वर्षांपूर्वी तिने या स्पर्धेतली जागा कमावली आणि मग तिला दिवस गेले. अशा खेळाडूची जागा दीड वर्ष राखून ठेवायची, हा मंडळाचा नवा नियम. अट एकच: डॉक्टरांचा मूळ दाखला आणि बाळाच्या जन्माची नोंद, दोन्ही शेवटच्या यादीच्या वेळी टेबलावर हवेत. नकला चालत नाहीत. मागे एका देशाने नकलांच्या जोरावर तीन पदकं नेली होती, तेव्हापासून मंडळ दुधाने पोळलेलं होतं.

शेवटची यादी आज पाच वाजता बंद होणार होती. आता सव्वाबारा झाले होते.

"पट्टी बघा," काका म्हणाले.

खणांना कुलूप नव्हतं. काका प्रत्येक खणावर कागदी पट्टी चिकटवत आणि तिच्यावर सही करत. चौथ्या खणाची पट्टी मधोमध फाटली होती.

"अकरा वाजता मी गोळी घ्यायला खाली गेलो तेव्हा सगळ्या धड होत्या. पंधरा मिनिटांत वर आलो. दार उघडंच होतं. इथे कोण येतंय म्हणून..." त्यांनी फाटलेली पट्टी बोटांनी जुळवून बघितली.

"काका, ही पण."

तिसऱ्या खणाची पट्टीही फाटली होती. दोघांनी तो खण जमिनीवर ठेवून एकेक कागद यादीशी ताडून बघितला. वीस मिनिटं लागली.

तिसऱ्या खणातून काहीच गेलं नव्हतं.

२

"त्यात काय कोडं आहे?" उपसचिव साहेब टाय सैल करत म्हणाले. "तिसरा खण कोणाचा? लंबूच्या देशाचा. ही मुलगी बाद झाली तर जागा कोणाला? लंबूच्या संघातल्या मुलीला. आपल्या मुलीचे कागद धड आहेत का बघितलं आणि हिची फाइल उचलली. पाच वाजता मी त्यांचा संघ निलंबित झाल्याचं जाहीर करतो."

"आणि फाइल नाही मिळाली तर?"

"तर जागा रिकामी. न्याय तरी होईल."

"त्या मुलीला न्याय नकोय साहेब, तिला चालायचंय."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "तुम्हाला पावणेपाचपर्यंत वेळ देतो. मग मी मोकळा."

लंबू म्हणजे शेजारच्या देशाचा नवा पथकप्रमुख. बैठकीच्या खोलीत तो खुर्चीत मावत नव्हता. गुडघे टेबलाला लागत होते आणि त्यामुळे टेबलावरचा पाण्याचा ग्लास सारखा थरथरत होता.

"फाइल शोधायला फाटकावर माझी बॅग उपसली, मोजे झटकून बघितले," तो म्हणाला. "बाई, खरं सांगतो, मोज्यांना हात लावणाऱ्याची मला कीव आली."

"तुमच्या देशाचा खणही उघडलाय."

"म्हणजे मी आधी माझ्या घराचं दार फोडलं आणि मग शेजाऱ्याच्या घरात शिरलो? इतका बावळट दिसतो मी?"

"तिसरा खण तुमचा, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"परवाच परिपत्रक आलं ना तुमचं. आम्ही आता तिसरे." तो थोडा हसला, मग हसू आवरलं. "माझी मुलगी बाहेर रडतेय. म्हणते, मला अशी मिळालेली जागा नको. लोक जन्मभर चोरटी म्हणतील. तुम्ही ती फाइल शोधाच. तिच्यासाठी नाही तर माझ्या पोरीसाठी शोधा."

बाईंनी वहीत दोन शब्द लिहिले आणि त्यांच्याखाली रेघ ओढली: परिपत्रक वाचलंय.

मग डॉक्टर आले. मंडळाच्या वैद्यकीय समितीचे प्रमुख. राखीव जागेच्या नियमाला भर सभेत कडाडून विरोध केलेला एकमेव माणूस.

"हो, केला विरोध. मोठ्याने केला, इतिवृत्तात आहे," ते बसायच्या आधीच म्हणाले. "बाळंतपणानंतर इतक्या लवकर वीस किलोमीटर मला पटत नाही. पण ज्याला ओरडता येतं तो चोरी कशाला करेल? आणि ते दप्तर की काय, ते कुठल्या मजल्यावर आहे?"

"याच. शेजारची खोली."

"असं होय. मी तर कागद टपालात टाकतो."

"संचलनात तिचा देश कितवा असतो, माहीत आहे?"

"संचलनाच्या वेळी मी रुग्णवाहिकेत पाय लांब करून पडलेला असतो, बाई. कोण कितवा ते मला काय ठाऊक." उठता उठता ते थांबले. "महिन्यापूर्वी शिबिरात जाऊन मीच तपासलं होतं तिला. तेव्हा ठणठणीत होती. तो दाखला मी डोळे मिटून दिलेला नाही."

दार लोटलं गेलं. बाईंनी फोन बघितला. पाळणाघरातून एकच ओळ आली होती: रडून झोपली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली आणि फोन पालथा ठेवला.

आता त्या माणसाला बोलवायचं होतं, ज्याला त्या मघापासून टाळत होत्या.

३

फाइल हरवलेल्या मुलीचा पथकप्रमुख तिचा सख्खा थोरला भाऊ होता. मंडळात त्याला सगळे दादा म्हणत. सहा वर्षं तो नियम समितीवर होता. बाई नोकरीला लागल्या तेव्हा नियमावली त्यांना यानेच शिकवली, कलमाकलमाला चिमटे काढत. नियमबाई हे नावही त्याचंच.

आज तो शांत होता. जरा जास्तच.

"कसा आहेस दादा?"

"दोन महिने डोंगरावर शिबिरात होतो. फोन नाही, टपाल नाही. आज पहाटे उतरलो, तडक इथेच. आल्या आल्या हे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुझी लेक कशी आहे?"

"पाळणाघरात. दादा, एकोणिसावा नियम."

त्याने खिडकीकडे बघितलं.

"मंडळाच्या ताब्यातून कागद गहाळ झाला तर पथकप्रमुख एक दिवसाची मुदत मागू शकतो. लेखी. तूच लिहिलास हा नियम. मला शिकवताना म्हणालास, हे कलम तोंडपाठ ठेव, एक दिवस कोणाचा तरी जीव वाचवेल. अर्ज कुठे आहे तुझा?"

"जाऊ दे गं. काका बिचारे निवृत्तीला आलेत. त्यांच्या डोक्यावर कशाला? पुढच्या स्पर्धेला बघू."

"पुढच्या स्पर्धेला तिची राखीव जागा संपलेली असेल."

"मग तेव्हा नव्याने कमावेल." त्याने खुर्ची मागे सरकवली. "गाडी सहाची आहे. सामान बांधायला हवं."

बाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. याच माणसाने एकदा पंचांचा एक आकडा चुकला म्हणून मैदानात उपोषण करायची धमकी दिली होती. आज बहिणीची जागा जात होती आणि याला गाडीच्या वेळेची काळजी पडली होती.

४

मुलगी व्हरांड्यात बाकावर बाळाला घेऊन बसली होती. बाळ सात महिन्यांचं. आईच्या शर्टाची गुंडी दोन्ही हातांनी धरून तिच्याशी त्याचा काही गंभीर व्यवहार चालला होता. बाई शेजारी बसल्या.

"ताई, मिळेल का हो?" मुलीने वर न बघता विचारलं.

"शोधतेय."

"रात्री दोनदा उठून पाजायचं, पहाटे पाचला डोंगर चढायचा. पाच महिने. एक दिवस सराव चुकवला नाही." बाळाच्या पाठीवर थोपटणारा तिचा हात जलद झाला. "सासूबाई म्हणाल्या होत्या, आता घरात बस. दादाच उभा राहिला माझ्या बाजूने. मुलगा सांभाळायला शिकला. नॅपी बदलतो तो, बघाल तर."

तिच्या हनुवटीवर सुकत आलेली खपली होती आणि उजव्या गालाच्या हाडावर दुसरी.

"हे काय झालं?"

"पाय घसरला. डोंगरातली वाट."

बाईंची नजर तिच्या तळहातांवर गेली. बाळाला सावरताना ते उघडे झाले होते. स्वच्छ, गुळगुळीत तळहात. पाय घसरलेला माणूस आधी हात टेकतो. चालायला शिकणारी आपली लेकसुद्धा पडते ती हातांवर. नुसत्या तोंडावर कोण पडतं?

बाळाने दूध ओकलं. मुलीने बाकाखालून त्याची पिशवी ओढली, झिप उघडली आणि वैतागून थांबली.

"हे काय करून ठेवलंय. ओला टॉवेल वर, धुतलेले कपडे खाली दाबलेले. सकाळी मी नीट लावली होती. दादाने परत उपसली वाटतं."

"राहू दे, हे घे." बाईंनी आपला रुमाल पुढे केला. "पिशवी फाटकावर तपासली का गं कोणी?"

"बाळाची पिशवी? कशाला?"

बाई उठल्या. व्हरांड्याच्या टोकाला दादा सामानाला दोरी बांधत होता.

"दादा, संचलनाच्या पाट्या रंगवायला टाकायच्यात. तुमचा देश कितवा लिहू?"

"तिसरा," तो दोरी आवळण्याच्या नादात, सवयीने म्हणाला. "उन्हाळ्यापासून मुलांना त्याच क्रमाने उभं करतोय."

चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

५

त्यांनी त्याला रिकाम्या बैठकीच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"मी बोलते, तू ऐक. चुकलं तर थांबव, मला शिकवताना थांबवायचास तसं."

तो उभाच राहिला.

"आपल्याकडे सगळं संचलनाच्या क्रमाने. खुर्च्या, टपालाचे कप्पे, खण. यजमान सगळ्यांत शेवटी, आणि यजमान बदलला की आकडे सरकतात. म्हणून खणांवर नावं नाहीत. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. डॉक्टरांनी चोरी केली असती तर पहिल्या खणापासून सगळ्या पट्ट्या फाटल्या असत्या."

"हं."

"मूळ यजमानाच्या मैदानाचं छप्पर वादळात गेलं. सोमवारी यजमानपद दुसऱ्या देशाकडे गेलं. जुना यजमान शेवटून उठून पहिल्या जागी आला आणि पुढचे सगळे एकेक घर मागे सरकले. काकांनी त्याच दिवशी खण नव्याने लावले, पट्ट्या नव्या चिकटवल्या. तुम्ही तिसरे होतात, आता चौथे. ज्याने परिपत्रक वाचलं तो थेट चौथ्या खणाला हात घालणार. साहेबांनी तर त्यावर सही केली. लंबूने वाचलं. काकांनी स्वतः पट्ट्या लावल्या. यातलं कोणी तिसरा उघडणार नाही."

दादाने खुर्चीची पाठ धरली.

"मंडळाची रीत ज्याला पाठ आहे, पण सोमवारचा बदल ज्याला ठाऊक नाही, तोच आधी तिसरा उघडेल. आत परक्या देशाचे कागद बघून त्याच्या क्षणात लक्षात येईल की यजमान बदललाय, म्हणजे आपण एक घर मागे. मग तो दुसरा, पाचवा चाचपडत बसणार नाही. थेट चौथा. पट्ट्या दोनच फाटल्या, दादा. चूक एकच झाली आणि ती लगेच सुधारली. इतका पक्का हिशेब या इमारतीत दोघांनाच जमतो. एक मी, आणि दुसरा तो ज्याने मला शिकवलं."

दादाने एकदा बंद दाराकडे बघितलं.

"फाइल बाळाच्या पिशवीत आहे," बाई म्हणाल्या. "कपड्यांच्या खाली. ते कोडं नव्हतं. का, ते होतं. तेही आता कळलंय. ती घसरली नाही. शुद्ध हरपून पडली."

दादा खाली बसला. एवढा दांडगा माणूस खुर्चीत अगदी मावून गेला.

"दोनदा," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी चार मिनिटं डोळे उघडले नाहीत. बाळ माझ्या खांद्यावर. मी त्याला खाली ठेवू की तिला उचलू, हेच मला कळेना." त्याने घसा खाकरला. "तिने शब्द घेतला माझ्याकडून. डॉक्टरांना सांगितलंस तर तू माझा भाऊ नाहीस. दिलेला शब्द मोडवेना आणि तिला रस्त्यावर सोडवेना. म्हटलं, कचेरीची चूक झाली म्हणून जागा गेली तर ती कचेरीला शिव्या देईल. निदान जगेल तरी."

"तिला विचारलंस?"

"विचारून ती थांबणारी आहे का?"

"सासूने घरात बस म्हटलं तेव्हा तू तिच्या बाजूने उभा राहिलास," बाई म्हणाल्या. "आज तूही सासूसारखंच केलंस. फक्त गुपचूप."

घड्याळात साडेचार झाले होते आणि जिन्यावर साहेबांच्या बुटांचा आवाज येत होता.

६

बाईंनी साहेबांना दारातच गाठलं. "फाइल सापडली. लंबूचा काही संबंध नाही. बाकीचं पाच वाजता टेबलावर." आणि साहेबांनी तोंड उघडायच्या आत त्या व्हरांड्यात पोहोचल्या.

पिशवीच्या तळातून त्यांनी फाइल काढली, मुलीच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, दादाच्या समोर.

मुलीचा चेहरा आधी उजळला, मग विझला, मग तापला.

"तू?" ती भावाला म्हणाली. "अरे, सगळ्या जगाने केलं असतं तरी चाललं असतं. तू?"

"चार मिनिटं," तो एवढंच म्हणाला.

"एक मिनिट म्हणाला होतास मला."

"तू घाबरशील म्हणून."

तिने फाइलवरून हात फिरवला. बाळ झोपलं होतं, ओठ अजून चोखल्यासारखे हलत होते. बाईंना वाटलं, काहीतरी बोलावं, सल्ला द्यावा, आई म्हणून, बाई म्हणून. त्यांनी जीभ आवरली. आज या मुलीच्या वतीने बरेच जण बोलून झाले होते.

"ताई, फाइल दिली आणि मी डॉक्टरांना काहीच सांगितलं नाही तर?"

"तर जागा तुझी. मी डॉक्टर नाही. पण मला माझ्या टिपणात खरं लिहावं लागेल आणि ते टिपण उद्या डॉक्टर वाचतील."

"आणि मी आत्ताच सांगितलं तर?"

"जागा कागदांवर राखलेली असते, तब्येतीवर नाही. कागद पाचच्या आत आले की जागा पक्की. उतरायचं की नाही ते शर्यतीच्या आदल्या दिवशी रक्त तपासून ठरतं. नऊ दिवस आहेत."

"हे दादाला माहीत नव्हतं?"

"नवं कलम आहे. सोमवारच्याच परिपत्रकात आलंय."

दादाने डोळे मिटून घेतले.

मुलगी उठली. झोपलेलं बाळ तिने भावाच्या हातात दिलं, काही न बोलता, आणि चालू लागली. व्हरांडा लांब होता. ती धावली नाही. चालण्याच्या शर्यतीतली माणसं घाईतही धावत नाहीत, एक पाय सतत जमिनीला ठेवून झपाझप जातात. बाईंना मागे पळावं लागलं.

टेबलाशी साहेब, डॉक्टर आणि काका बसले होते. लंबू दारात चौकटीला टेकून उभा होता. पाचला सात मिनिटं होती. तिने फाइल टेबलावर ठेवली. काकांनी दोन्ही कागद काढले, उजेडात धरले आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे शिक्का मारला. त्यांनी ओल्या शिक्क्यावर फुंकर घातली, मुलांच्या जखमेवर घालतात तशी.

"डॉक्टर," मुलगी म्हणाली, "शिबिरात मी दोनदा बेशुद्ध पडले. लपवलं होतं. मला तपासा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते ओरडतील असं सगळ्यांनाच वाटलं. त्यांनी फक्त एक खुर्ची पुढे ओढली. "बस आधी. दुपारी काय खाल्लंस? काहीच नाही ना? मला वाटलंच." त्यांनी तिची पापणी अंगठ्याने खाली ओढून बघितली. "रक्त उतरलंय. औषध आजपासून. नऊ दिवसांत किती चढतं ते बघू. वचन देत नाही."

"नका देऊ. वचनांचा कंटाळा आलाय."

साहेब घसा साफ करत बाईंकडे वळले. "पण फाइल घेतली कोणी? ते सांगा ना."

बाईंनी वही उघडली. लिहिलेलं वाचायचं एवढंच होतं. सहा वर्षांपूर्वी ज्याने पहिलं कलम समजावलं, त्याच्या विरोधात. त्यांनी पान सपाट केलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी," दादा दारातून म्हणाला. लंबूने बाजूला होऊन त्याला वाट दिली. खांद्यावर बाळ, एका हाताने दादा गळ्यातलं पथकप्रमुखाचं ओळखपत्र सोडवत होता. दोरी बाळाच्या टोपीत अडकली. ती सोडवायला त्याची बहीण उठली. तिनेच ओळखपत्र त्याच्या गळ्यातून काढलं आणि साहेबांच्या समोर ठेवलं.

"नियमाप्रमाणे आजन्म बंदी," साहेब हळूच म्हणाले. "मैदानात, क्रीडाग्रामात, कुठेच नाही."

"ठाऊक आहे," दादा म्हणाला. "ते कलमही मीच लिहिलंय."

मुलीने बाळ परत घेतलं. भावाकडे तिने अजून नीट बघितलं नव्हतं. आताही बघितलं नाही. बाळाची टोपी सारखी करत ती म्हणाली, "शर्यत मैदानात नाही. रस्त्यावर आहे. वीस किलोमीटर रस्ता, दोन्ही कडांना वाटेल ते लोक उभे असतात. मी उतरले, तर बाळाला घेऊन यायला कोणीतरी लागेल. अकराव्या किलोमीटरनंतर मी मान वळवत नाही, तेव्हा आधीच कुठेतरी उभा राहा."